सोमवारचा मुक्काम

उमरग्याच्या दवाखान्यात मावशी आजारी होती. आईची ती पाठची बहीण. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. 'मला घेऊन जा' असा तिचा निरोप आला आणि शुक्रवारी सकाळी तुळजापूरजवळच्या आमच्या गावाहून वडिलांनी गाडी जुंपली. एस.टी. होती, पण येताना मावशीला निजवून आणायचं होतं. म्हणून गाडीला छप्पर बांधलं, कडबा पसरला आणि त्यावर आईनं नवी गोधडी घातली.

"हितं कुणी बसायचं न्हाय," तिनं मला बजावलं. मी दहा वर्षांची. पीठमिठाच्या डब्यांशेजारी पाय पोटाशी घेऊन बसले.

नळदुर्ग ओलांडल्यावर मोटारींना बैल बुजतात म्हणून वडिलांनी सडक सोडली. गाडीवाट जवळची, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं म्हणणं त्यांना नेहमीच पटायचं. ओढ्याच्या चिखलात चाक आसापर्यंत रुतलं आणि रविवारची दुपार तिथंच गेली. कसंबसं पुन्हा सडकेला लागून येणेगूर गाठलं. उमरगा चार-पाच कोसांवर राहिलं.

सकाळी आईनं वळकटी बांधली, तर वडील बैलांना निवांत वैरण टाकत होते.

"आज सोमवार. बैलाच्या मानंवर जू न्हाय ठेवायचं. आपल्या घरात कुणी ठेवलं न्हाय."

सोमवार हा बैलांचा वार, आमच्याकडे तो पाळायचे.

"आवो, एवढ्यावर आलंय की," आई म्हणाली. एकदाच.

समोरून उमरग्याकडे ट्रक जात होते. परक्याच्या ट्रकात काय, एस.टी.तही बाईमाणूस एकटं बसणार नव्हतं आणि वडील बैल सोडून हलणार नव्हते. आई दिवसभर सडकेकडे तोंड करून बसली. मला वडिलांचा भयंकर राग आला. बैल मजेत रवंथ करत होते.

मंगळवारी पोचलो. मावशी आदल्या संध्याकाळीच गेली होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं. आई रडली नाही, मीच रडले.

मावशीच्या भाड्याच्या खोलीतच तेरावा उरकून रविवारी परत निघालो. वाटेतल्या मुक्कामी सोमवारी उजाडताच, कुणी न सांगता, वडील बैल जुंपायला लागले. आई गाडीतून खाली उतरली. आत गोधडी तशीच पसरलेली होती.

"सोडा बैल," ती म्हणाली. "आज सोमवार हाय."

वडील बराच वेळ जू धरून उभे होते. मग त्यांनी बैल सोडले, आणि आम्ही तिघं दिवसभर सडकेच्या कडेला बसून राहिलो.