वेल्डन क्रॉसिंगचा भोंगा

भिलाईच्या नेहरू नगर चौकातून निघाले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि इंग्रजीतले भरवशाचे दोनच शब्द होते. एक येस, आणि दुसराही येस. विमानतळाच्या वाटेवर कुम्हारीपाशी ट्रक आडवा झाल्याने अर्धा तास खोळंबा झाला. टॅक्सीवाल्याने विचारलं, "आंटी, अमेरिका में कौन सा शहर?" मी म्हटलं, "शहर नहीं, गाँव." तो हसायला लागला. अमेरिकेत खेडं असतं हे पल्लवी तिथे जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला काय बोलणार?

पल्लवी माझी धाकटी मुलगी. इथे कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. कॅन्सस राज्यातल्या एका खेड्याच्या शाळेला गणिताचा शिक्षक मिळेना, ती जागा हिने पटकावली. हिचे बाबा तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये होते. निवृत्त झाल्यावर एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले. त्याला आता चार वर्षं झाली. "घरात एकटीच भिंतीशी बोलून राहिली तू, महिनाभर इकडे ये," असं पल्लवी फोनवर म्हणाली आणि तिकीटच पाठवलं.

शिकागोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझी बिजौरी (उडीद डाळ, तीळ आणि कोहळा घालून वाळवलेली छत्तीसगढी वडी) बाहेर काढली. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "येस येस." त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा येस येस. त्याने पिशवी उचलून मागच्या पिंपात टाकली. संध्याकाळी पल्लवीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "आई, त्यानं विचारलं असंन, यात मटन आहे का म्हणून!"

वेल्डन क्रॉसिंग दुरून दिसतं ते पाण्याच्या टाकीने. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पोपटी गहू आणि मधोमध गावाचं नाव लिहिलेली ती टाकी. तिच्या शेजारी धान्य साठवायचे काँक्रीटचे उंच गोल बुरूज. त्यांच्या पायथ्याशी चार रस्ते, दोन चर्च, एक शाळा, एक पोस्ट ऑफिस आणि नाश्त्याचं एक हॉटेल. मुख्य रस्त्यावर दुकानांची ओळ होती, पण बहुतेकांच्या काचांना आतून कागद लावलेले. आपल्या भिलाईच्या सिविक सेंटर बाजारात संध्याकाळी एका पाणीपुरीच्या गाडीभोवती असतात तेवढी माणसं मला त्या रस्त्यावर आठवडाभरात दिसली नाहीत. जी दिसली ती गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायची. मी विचारलं, "तुले ओळखतात का हे सगळे?"

"ओळख असो का नसो, बोट उचलतातच. पण आई, इथं काही लपत नाही हं. काल मी हॉटेलातून दुधाचे दोन डबे घेतले तर आज शाळेत विचारून राहिले, आई आली का म्हणून."

शेजारच्या पांढऱ्या लाकडी घरात वॉल्टर राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेले, डोक्यावर शेतकऱ्यांची टोपी. एवढ्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना वॉल्टरभाऊ म्हणू लागले. ते गावच्या स्टेशनवरचे शेवटचे कर्मचारी. माझे वडील दुर्ग स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. पल्लवीने हे सांगताच त्यांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि कुंपणापलीकडचे, मुख्य मार्गातून बाजूला फुटलेले रूळ दाखवले. मी म्हटलं, "लूप लाइन." ते म्हणाले, "सायडिंग." मग दहा मिनिटं आम्ही एकमेकांना रेल्वेचे शब्द ऐकवत राहिलो. पुढे रोज दुपारी मी पिठलं किंवा भाताची वाटी घेऊन त्यांच्या ओसरीवर जायची. पल्लवी शाळेतून आली की आमचं उरलेलं बोलणं मराठीत आणि इंग्रजीत करून द्यायची.

गावाचा इतिहास मला असा ओसरीवर कळला. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून रेल्वेने इथे विहीर खोदली आणि विहिरीभोवती गाव उठलं. पुढे डिझेल इंजिनं आली आणि गाडीला थांबायचं कारण उरलं नाही. मग गव्हावर गाव चाललं. यंत्रं मोठी झाली, शेतं एकमेकांत मिसळली, माणसं कमी लागू लागली. नांगराचे फाळ बनवणारा छोटा कारखाना बंद पडला, त्यामागे दवाखाना, त्यामागे किराणा. आता मालगाड्या घराच्या खिडक्या थरथरवत जातात, थांबत नाहीत.

"विहिरीच्या आधी इथं कोण राहत होतं?" मी विचारलं.

वॉल्टरभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ज्यांना हाकललं ते," ते म्हणाले. "त्यांच्या भाषेतली नावं फक्त नद्यांना उरली." मला आमच्याकडे धुणीभांड्याला येणारी बाई आठवली. तिच्या सासऱ्याचं शेत जिथे होतं तिथे आता प्लांटचे क्वार्टर आहेत. त्याच शेतात मी तीस वर्षांहून जास्त राहते आहे आणि हे तिला कधी विचारलंसुद्धा नाही. लाज वाटली.

त्यांना स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. वडिलांनी बांधलेल्या या घरातच त्यांना मरायचं होतं. त्या हिवाळ्यात ते दोनदा पडले होते. मुलगा गॅरी विचिटा शहरात राहायचा, दर रविवारी यायचा. त्याने बजावून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा पडलात किंवा डोकं ठिकाणावर नसल्यासारखं वागलात, तर घर बंद करून तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवीन. "मी पडत नाही," वॉल्टरभाऊ म्हणाले. "मी बसतो. जरा जोरात बसतो एवढंच." आम्ही तिघेही हसलो. मग ते काठी टेकत, एकेक पायरी मोजत घरात गेले. ते मोजणं पाहून माझं हसू थांबलं.

एका सोमवारी दुपारी बाराला गावात भोंगा वाजला. मी कणीक मळत होते. तशीच, पिठाच्या हातांनी, धावत रस्त्यावर जाऊन उभी राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वॉल्टरभाऊ ओसरीवरून हात हलवत होते. "टेस्ट! टेस्ट!" मग त्यांनी आभाळाकडे बोट केलं, हवेत गोल गोल फिरवलं आणि जमिनीखाली दाखवलं. मी म्हटलं, "येस येस."

भिलाईच्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. प्लांटचा भोंगा वेळेवर वाजला की आपण घड्याळ लावतो. अवेळी वाजला, म्हणजे आत अपघात, की गॅस बंद करून रस्त्यावर येतो. बहुतेक वेळा काहीच नसतं. तरी शिफ्टवरचं आपलं माणूस सायकलवरून येताना दिसेपर्यंत पाय आत वळत नाहीत. माझ्या अंगात ते तीस वर्षं मुरलेलं. पल्लवीने त्या संध्याकाळी समजावलं, "आई, हा वावटळीचा भोंगा आहे. मोठी वावटळ, घर उचलून नेते. वाजला का सीधा खाली तळघरात. बाहेर नाही. समजलं ना तुले?" समजलं होतं. पण ते डोक्याला समजलं होतं.

त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी, दुपार कलताना, आभाळ हिरवट झालं. पल्लवी शाळेत होती. गारा पडू लागल्या आणि भोंगा वाजला. या वेळी तो थांबेना.

मी बाहेर धावले. रस्त्याच्या मध्ये उभी राहून गावाबाहेरच्या वाटेकडे बघत राहिले. चार वर्षांपूर्वी ज्या नवऱ्याला मी स्मशानात पोचवून आले, त्याची सायकल मी कॅन्ससच्या रस्त्यावर शोधत होते. हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर कळलं.

वॉल्टरभाऊंनी मला खिडकीतून पाहिलं असणार. भोंगा वाजला की ही बाई बाहेर पळते, हे गावात त्यांनाच ठाऊक होतं. ते काठीशिवाय आले. ओरडत, हातवारे करत, गारांनी पांढऱ्या झालेल्या गवतावरून. माझ्यापासून दहा पावलांवर त्यांचा पाय सरकला. हाड मोडल्याचा आवाज मी वाऱ्यातही ऐकला.

मला त्यांना उचलता येईना. मी त्यांच्या डोक्यावर वाकून बसले, पदर त्यांच्या तोंडावर धरला आणि मराठीत काहीबाही बोलत राहिले. वावटळ गावावरून आली नाही. दूर एका गोठ्याचं छप्पर घेऊन निघून गेली. वेल्डन क्रॉसिंगमध्ये त्या दिवशी एवढं एकच मोडलं.

भोंगा थांबल्यावर शाळेची बस चालवणारा माणूस आणि हॉटेलवाली बाई रुग्णवाहिका घेऊन आले. तिथे हे काम गावकरीच करतात. त्यांनी पाहिलं ते असं, की म्हातारा पडला आहे आणि परदेशी बाई गारांत त्याच्यावर छत्र धरून बसली आहे. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे रीघ लागली. झाकलेल्या काचेच्या भांड्यांतून बटाट्याचे, चीजचे, मक्याचे पदार्थ येऊ लागले. बायका मला मिठी मारून रडायच्या. चर्चमध्ये माझं नाव घेतलं गेलं. पल्लवीचा चेहरा अभिमानाने फुलला होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघून, ते माझ्यासाठी धावत आले होते हे मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गॅरी आला. उंच, थकलेला, बोलायला अगदी सभ्य. पल्लवी आत चहा करत होती. त्याने मला सावकाश, सोपे शब्द वापरून विचारलं, "डॅड म्हणतात, ते गॅरेजचं दार बंद करायला बाहेर गेले होते. भोंगा चालू असताना. खरं आहे का?"

त्या महिनाभरात माझ्या कानांवरून इतकं इंग्रजी वाहून गेलं होतं, पण हे वाक्य मला शब्द न् शब्द कळलं. वॉल्टरभाऊंनी मला झाकलं होतं. आणि त्याची किंमत काय हेही मला कळत होतं. माणूस वाचवायला गेलेला म्हातारा पडला तरी शहाणा ठरतो. गॅरेजचं दार लावायला वावटळीत गेलेला म्हातारा एकटा राहू शकत नाही.

मी म्हटलं, "येस येस."

गॅरीने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी त्याने पांढऱ्या घराला कुलूप लावलं.

निघायच्या आधी मी पल्लवीला म्हटलं, मला त्यांना भेटायचं आहे. इस्पितळातून हलवल्यावर तासाभराच्या अंतरावरच्या वृद्धाश्रमात ते खाटेवर होते. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती, बाकी काही नाही. पल्लवीला मी फुलदाणीत पाणी आणायला पिटाळलं आणि जमेल तसं बोलले. "आय टेल गॅरी. ट्रुथ. यू होम."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पल्लवी आली. ते तिच्याकडे बघून माझ्याशी बोलले आणि तिने न समजता ते मराठीत केलं. "ते म्हणून राहिले, गाव छोटं आहे. तिथं एकदा वाईट नाव लागलं का शंभर वर्षं पुसत नाही. पोरीले तिथं राहायचं आहे ना, म्हणते. कशाचं बोलून राहिले हे, आई?"

"असंच," मी म्हटलं. वॉल्टरभाऊंचा हात मी हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

भिलाईला आल्यावर दहा दिवसांनी मी फोनवर पल्लवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कावून केलं वं आई असं?" आणि रडली. मी म्हटलं, "तू गॅरीले सांग. माझं नाव घेऊन सांग. अजून वेळ आहे."

"वेळ नाही. मागच्या हफ्त्यात गॅरीनं त्या पांढऱ्या घराची चाबी मले दिली. म्हणे, तुझ्या आईनं डॅडसाठी केलं ते आम्ही विसरणार नाही. सामान हलवलं मी, आई. शाळेनं माझी नोकरी दोन वर्षं अजून वाढवली. आता कोणत्या तोंडानं सांगू?" आणि मग, हळू आवाजात, "तू पण कोणाले नको सांगू."

माझी मुलगी आता त्या घरात राहते. तिच्यावर मी रागावू शकत नाही, कारण ही वाट मीच दाखवली. आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी मला अमेरिकेबद्दल बोलायला बोलावलं तेव्हा मी बिजौरीची फजिती सांगितली, एक बोट वर करणारी माणसं सांगितली, गहू सांगितला. सगळ्या पोट धरून हसल्या. वॉल्टरभाऊ अजून त्याच खाटेवर आहेत. पल्लवी रविवारी त्यांना पिठलं नेऊन देते. ते घराबद्दल काही विचारत नाहीत, म्हणते.

परदेश पाहून माणूस मोठा होतो म्हणतात. मी तिथे जाऊन एका माणसाला त्याच्या घरातून काढून आले, आणि वर गावाकडून शाबासकी घेऊन आले. हे कुठेतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं. मराठीत लिहिलं. त्या गावात मराठी वाचणारी एकटी पल्लवी आहे.