एका वाक्यासाठी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत ती कपडे शिवते. मशीनवर तिची टीप इतकी सरळ जाते की सगळे तिला टीपबाईच म्हणतात. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा परदेशी गेला आणि तिथलाच झाला. सून स्पॅनिशखेरीज काही बोलत नाही. सासू-सुनेचं जे काही बोलणं होई ते मुलाच्या तोंडून.

गेल्या वर्षी सुनेचं पहिलं मूल पोटातच गेलं. आईच्या जिवाला घोर नको म्हणून मुलाने ते कळवलंच नाही. सासूने साधी विचारपूसही केली नाही, हे सुनेच्या मनात बसलं. ती फोनवर यायची बंद झाली. यामागचं कारण टीपबाईला कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. मुलगा म्हणाला, मी तिला समजावतो. "तुझ्या समजावण्यानेच तर हे झालंय," एवढंच ती म्हणाली, आणि जिना चढून माझ्याकडे आली. मिशनच्या शाळेत स्पेनहून आलेल्या सिस्टरनी आम्हाला स्पॅनिश शिकवलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"मला भाषा नकोय, मावशी. एकच वाक्य द्या. मला कळलं असतं तर मी आले असते."

मी सांगितलं, बाई गं, हे व्याकरणाचं शेवटचं टोक. तिथवर पोचेतो आमच्या वर्गातल्या मुली रडकुंडीला येत. तरी मी नियम समजावून दिला. ती हनुवटीला हात लावून ऐकत राहिली.

"म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर. तेच ना?"

तेच. पण जीभ वळेना. दिवसभर शिवून ती संध्याकाळी वर येई आणि शब्द जुळवता जुळवता पेंगू लागे. शेवटी मशीनवरच जमलं. पायाच्या ठेक्यावर ती पुटपुटे, "सी लो उबिएरा साबिदो, उबिएरा बेनिदो." त्या नादात तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या खिशाचं तोंडच शिवून टाकलं. ते उसवतानाही ओठ हलतच होते.

रविवारी तिने मुलाला सांगितलं, फोन बायकोकडे दे आणि तू बाहेर जा. मी शेजारी बसले होते. सून फोनवर आली. टीपबाईच्या तोंडून शब्द फुटेना. मी पहिला शब्द सुचवला, तर तिने हातानेच मला गप्प केलं. मग फोन स्पीकरवर टाकून कापडाच्या गठ्ठ्याला टेकवला, मशीनवर बसली, सुईखाली काही नसताना पाय मारू लागली, आणि ठेक्यावर ते वाक्य बोलली. पुन्हा एकदा बोलली.

मग सून हळूच काही म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मग आता या."

मशीन थांबलं. टीपबाईने गुडघे चोळले.

"आता कुठलं, मावशी. अंगात त्राण राहिलंय का? तेव्हा गेले असते." मग घाईने म्हणाली, "तिला हे नका सांगू. जेवते का नीट, ते विचारा."

मी माझ्या गंजलेल्या स्पॅनिशमध्ये विचारलं. जेवते, पण झोप येत नाही, असं उत्तर आलं.

"मलाही येत नाही म्हणावं," टीपबाई म्हणाली, आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसली.