बिडी सुटली, पाय राहिला

डॉक्टरांनी यांच्या डाव्या पावलावर दोन बोटं टेकली आणि बराच वेळ तशीच दाबून धरली. मग घोट्यामागे बोटं नेली, मग गुडघ्याच्या खोबणीत. उजव्या पायालाही तसंच केलं. मी भिंतीला टेकून उभी होते. प्रवासानं अंग मोडून आलं होतं आणि कुठंतरी बसायला मिळावं एवढंच माझ्या मनात होतं.

"बिडी किती ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कामात असलो की चालूच असती," हे म्हणाले.

"तुमच्या या पावलात पल्स लागत नाही."

पल्स म्हणजे नाडी. ती पायालाही असते हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, थ्रॉम्बो-अँजायटिस. मला ते नीट म्हणता येईना, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं. पायाच्या शिरा आतून सुजतात, रक्ताच्या गाठींनी बुजतात आणि पुढं रक्त पोचत नाही. तंबाखू ओढणाऱ्या तरण्या माणसांना हा रोग गाठतो. यांच्या पायाच्या करंगळीला झालं होतं ते गँगरीन, म्हणजे जित्या अंगावरचं मेलेलं मांस.

"बिडी आणि पाय, दोन्ही तुमच्याजवळ राहणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

हे हसले. भीती वाटली की हे हसतात.

ज्यांच्या घरात असा पाय आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हांला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही पलूसचे, शिंपीकाम करणारे. लढाईची वर्षं होती. कापडावर कंट्रोल आलेलं, म्हणजे कापड सरकारी मापानंच मिळायचं, त्यामुळं नवं शिवणं कमी आणि जुनं उसवून पुन्हा शिवणंच जास्त. यांचं वय पस्तिशीच्या आतलं. मशीनवर बसले की ओठांच्या कोपऱ्यात बिडी. राख पडून एकदा एका नवरदेवाच्या कोटाला भोक पडलं, तेव्हा त्यावर रफू करतानासुद्धा तोंडात बिडी होतीच.

दुखणं पोटरीपासून सुरू झालं. बाजाराला जाताना अर्ध्या वाटेत पोटरीत गोळा यायचा. उभे राहिले की जायचा, चालले की पुन्हा यायचा. बसून बसून काम, त्यानं होत असेल असं आम्ही धरलं. मग पाऊल गार पडू लागलं. भर उन्हाळ्यात इतकं गार, की हात लावला तर दचकायला व्हायचं. सासूबाईंनी विटेनं शेकलं. वात धरलाय म्हणून एका शेजाऱ्यानं बिबा घातला. बिब्यानं करंगळीजवळ फोड आला, फोडाची जखम झाली आणि ती काळी पडत गेली. ज्या पायात रक्त नाही त्याला शेकणं आणि बिबा, दोन्ही विषासारखं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणून आधीच सांगते, पाय गार लागला तर शेकू नका. लोकरीचं फडकं गुंडाळा आणि दवाखाना गाठा.

सांगलीकडच्या त्या मोठ्या दवाखान्यात आम्हांला ठेवून घेतलं. पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. आम्हां बायकांची चूल आवारात, तीन दगडांची. सकाळी लाकडं पेटवायची, भाकरी करायची, आत नेऊन द्यायची, मग ड्रेसिंगची वाट बघत व्हरांड्यात बसायचं. ड्रेसिंग म्हणजे जखम धुऊन पट्टी बदलणं. ते झालं की डॉक्टर येण्याची वाट बघायची. वाट बघण्यानं माणूस कामापेक्षा जास्त दमतो, हे मी तिथं शिकले.

यांना आडवं होता येत नव्हतं. पाय वर घेतला की ठणका लागायचा. म्हणून खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचे आणि बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायचे. मीही खाली बसून तशीच डुलकी घ्यायची.

शेजारच्या खाटेवर माण तालुक्यातले बापू होते. पूर्वी पलटणीत होते. त्यांचा उजवा पाय मांडीतून कापलेला. त्याला अँप्यूटेशन म्हणतात. आता डाव्या पायाला तेच लागलं होतं. हे नवीन म्हणून बापूंनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"बिडी का रं?"

"व्हय."

"माजी बी त्योच धंदा. पयला पाय गेला तवा म्हनलं, आजून एक हाय की. डागदर सांगत हुता, म्या काय ऐकलं न्हाई. पलटणीत गोळी चुकिवली आन् हितं बिडीनं मारलं बघ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुज्याजवळ हाय का एखादी?"

यांच्या कोटाच्या खिशात होती. यांनी माझ्याकडं बघितलं, मग बापूंकडं. "न्हाई बापू," म्हणाले. खोटं बोलले. जेवण झाल्यावर हे आवारात, आमच्या चुलीजवळ आले. खिशातला बिड्यांचा सबंध कट्टा काढून यांनी चुलीत टाकला. मला वाटलं, सुटलो. इतक्या सहज सुटतं असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे कुणाशी बोलेनात. घाम, डोकं गच्च, हाताला चाळा. चहाची कपबशी आपटली. मी म्हटलं, "जरा धीर धरा की."

तेव्हा फटकन म्हणाले, "तुला काय हुतंय बोलायला? तुजी मिश्री तू सोडून दाव. मंग मला सांग."

मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूची पूड. आमच्याकडं बायका ती दातांना लावतात. माझी सवय माहेरपासूनची. बोट काळं झाल्याशिवाय माझी सकाळ उजाडत नसे. मी कमरेची डबी काढली आणि त्यांच्या देखत मोरीत रिकामी केली. रागानं केली, काही मोठा विचार करून नव्हे.

पुढचे दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हांलाच ठाऊक. माझं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, भाकरी करपायच्या. एकदा तर तांब्या कुणी उचलून द्यायचा यावरून भांडलो आणि दोघंही रडकुंडीला आलो. बापू खाटेवरून म्हणाले, "आरं गड्या, दोगं मिळून एक तरी शाना ऱ्हावा की." त्यावर आधी मला हसू आलं, मग यांना.

जखम जरा कोरडी झाल्यावर घरी सोडलं. घरी आल्यावर माझं काम दुप्पट झालं. सकाळी पाणी उकळून पाय धुवायचा, दवाखान्यानं दिलेली सल्फाची पूड टाकायची, पट्टी बांधायची. मग मशीनवर मीच बसायची. यांनी खाटेवरून सांगायचं, मी पायडल मारायचं. पहिल्या परकराची शिवण वेडीवाकडी गेली. "उसव," म्हणाले. उसवलं. पुन्हा घातली. आधी मी नुसती काजं-बटणं करायची, त्या दिवसांत सदरे शिवायला शिकले. कमर धरायची, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

मग एक दिवस यांचा जुना मित्र भेटायला आला. मी विहिरीवर गेले होते. परत आले तर घरात वास. मी घागर ठेवली आणि मशीनवर जाऊन बसले.

"एकच ओढली," हे म्हणाले.

त्या एकीनं पाठोपाठ आणखी आणल्या. मित्र जाई, येई. करंगळीशेजारचं बोट निळसर झालं, ठणका परत आला, पुन्हा पाय खाली सोडून बसणं आलं. पुन्हा बैलगाडी, पुन्हा रेल्वे, पुन्हा व्हरांडा. आता मला राग येण्याचंही त्राण उरलं नव्हतं. व्हरांड्यात मी भिंतीला डोकं टेकून बसले तेव्हा यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

डॉक्टर रागावले नाहीत. तेही दमलेले दिसत होते. म्हणाले, "मी देतो ते औषध जखमेवरचं. रोगावर माझ्याजवळ औषध नाही. ते तुमच्याच हातात आहे. बुजलेल्या शिरा पुन्हा उघडणार नाहीत. पण धूर थांबला, की आजूबाजूच्या बारीक शिरा रुंद होतात आणि रक्त आडवाटेनं पावलापर्यंत जातं. त्याला कोलॅटरल म्हणतात. त्याला महिने लागतात. तुम्ही एक बिडी ओढलीत, की त्या बारीक शिराही आखडतात."

करंगळी काढावी लागली. दुसरं बोट राहतं का बघू म्हणाले.

बापूंची खाट रिकामी होती. नर्सबाईंना विचारलं. दुसराही पाय काढला आणि मग ताप उतरलाच नाही, असं त्यांनी सांगितलं. यांनी त्या खाटेकडं पाठ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "अगं, त्येंनी बिडी मागितली तवा माज्या खिशात हुती."

"दिली न्हाईसा ते बरंच केलंसा की."

"व्हय. पर तवाच मला कळाय पायजे हुतं."

त्यानंतर यांनी बिडी ओढली नाही. मित्राला स्वतःच सांगितलं, "माज्या घरात येतोस तर बिडी उंबऱ्याभाईर." मित्र रुसला, काही दिवस आलाच नाही. मग आला तो बिडी न घेता. खिशात फुटाणे आणि गूळ ठेवायचा उपाय यांनी आपणच काढला. तलफ आली की तोंडात फुटाणे. तलफ थोड्याच वेळची असते, ती आपल्यावरून जाऊ द्यायची, असं हे आता दुसऱ्यांना सांगतात.

बिडी सुटल्यावर काय काय बदललं ते सांगते, कारण पहिले काही आठवडे काहीच बदलत नाही असं वाटतं आणि माणूस तिथंच कंटाळतो.

सगळ्यांत आधी सकाळचा खोकला गेला. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ लय झालंय." इतकी वर्षं मी तेवढंच मीठ घालत आले होते! चव परत आली होती, आणि पहिली तक्रार माझ्या स्वयंपाकाची. पुढं ठणका कमी झाला. पाय वर घेऊन हे आडवे झाले आणि सकाळपर्यंत हललेच नाहीत. मी मात्र दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते बघितलं. माझी झोप परत यायला यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

थंडी सरत आली तसं निळं बोट आधी जांभळट, मग तांबूस झालं. जखमेच्या कडेनं नवी कातडी धरू लागली. नडगीवरचे केस झडले होते, ते पुन्हा उगवले. पाऊल दुसऱ्या पावलाइतकं ऊन कधीच झालं नाही, पण दचकायला होणंही थांबलं. चालणं तर फार हळू वाढलं. आधी दारापासून विहिरीपर्यंत, तिथं थांबायचं, पोटरी चोळायची, परत यायचं. पुढं मारुतीच्या देवळापर्यंत. मग एक दिवस न सांगता बाजारात जाऊन दोरा घेऊन आले. मला काळजीनं रडू फुटलं आणि हे दोऱ्याची रिळं दाखवत उभे.

माझी मिश्रीही सुटली ती सुटलीच. हिरड्या दुखायच्या थांबल्या. जाऊबाई अजून हसतात, म्हणतात, "नवऱ्याच्या पायापायी हिची मिश्री गेली." जाऊ दे म्हणते.

मशीन आता आम्ही वाटून घेतलं आहे. सकाळी हे बसतात, दुपारनंतर मी. यांनी उजव्या पायानं पायडल मारायची सवय केली. लग्नसराईत कोट हेच शिवतात.

लढाई संपल्यावर पुन्हा दवाखान्यात दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पावलावर बोटं टेकली. या वेळी मी श्वास रोखून उभी होते. ते म्हणाले, "पल्स अजूनही लागत नाही. लागेल असं मी म्हणणारही नाही. पण पाऊल जिवंत आहे, जखम भरली आहे. रोग थांबला आहे. तुम्ही पुन्हा ओढाल तर तोही पुन्हा सुरू होईल, एवढं लक्षात ठेवा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, आता तुम्हीही जरा विश्रांती घ्या." एवढ्या सगळ्यांत मला असं म्हणणारे ते एकटेच. त्यांना आणि त्या नर्सबाईंना मी रोज देवापुढं आठवते.

परत येताना स्टेशनवर उतरलो. गाडीवान भेटला नाही. हे म्हणाले, "चल, जाऊ हळूहळू." उसाच्या कडेनं निघालो. यांनी पिशवी खांद्याला लावली. हे थांबतील, पोटरी चोळतील म्हणून मी वाट बघत होते. मोठ्या निंबापर्यंत आलो तरी थांबले नाहीत. पुढंच निघाले होते. ऊन होतं, माझ्या पायांत गोळे आले होते आणि गेल्या दोन वर्षांचा सगळा शीण एकदमच अंगावर आल्यासारखा झाला.

"आवं," मी हाक मारली, "जरा हळू चाला की. दमले मी."

हे वळले. माघारी आले. पिशवी निंबाखाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं मातीवरचा पाला झाडला आणि मला म्हणाले, "बस. घाई कुटं हाय?"

मी बसले. ते शेजारी बसले. बराच वेळ आम्ही तिथून उठलो नाही.