सत्तरीतल्या बाईची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, जबडे राहत. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये बसून तिला सव्वीस वर्षं झाली होती. दवाखान्यातून कुणाच्या तरी तोंडाचा ठसा येई, ती त्यात प्लास्टर ओते, सुकलेला साचा खिडकीशी धरून म्हणे, "हे गृहस्थ डाव्या बाजूनेच चावतात. ह्या बाई झोपेत दात खातात."

लॅबचा मालक म्हणे, "बाई, तुम्ही ज्योतिषी व्हायला हवं होतं."

"ज्योतिषी पुढचं सांगतो. मी झालेलं सांगते. त्याला कोण दक्षिणा देणार?"

स्वतःच्या पुढचं तर तिने चाळिशीपर्यंत पाहिलंच नव्हतं. लग्न केलं नाही, आईच्या मागे दोन खोल्या तिच्याकडे राहिल्या, धाकटा भाऊ पलीकडच्या गल्लीत संसार थाटून बसला. पगारातलं उरेल ते बँकेच्या साध्या खात्यात पडून असे. मग एके दिवशी मालकाने बँकेतल्या एका बाईंना बोलावून सगळ्यांना तासभर बसवलं.

"पडून राहिलेला पैसा झिजतो," त्या बाई म्हणाल्या. झीज म्हटल्यावर हिने मान वर केली. "सत्तरीतल्या तुम्ही म्हणजे एक वेगळीच बाई आहे असं समजा. तिला कमाई नाही. तुमच्याशिवाय तिला कुणी नाही. तिची ओळख करून घ्या."

इतरांनी ते नुसतं बोलणं म्हणून ऐकलं आणि चहा घेतला. हिला मात्र माणसाची ओळख करून घ्यायचा एकच मार्ग ठाऊक होता. तिने आरशात बघून स्वतःच्या तोंडाचा ठसा घेतला. साच्यावरचे दात कापून टाकले. दात गेल्यावर हाड किती बसतं, हे तिला तोंडपाठ होतं; तेवढं प्लास्टर घासून कमी केलं. आणि त्या रिकाम्या, खचलेल्या जबड्यावर पिवळसर दातांची पूर्ण कवळी बसवली. कवळी कोरडी राहिली की आकार सोडते, म्हणून घरी फडताळात पाण्याच्या पेल्यात ठेवली. दर रविवारी ती पाणी बदले.

पुढचं सोपं झालं. पगार आला की आधी म्हातारीचा वाटा निघे, मग घरखर्च. अडीनडीला सहा महिन्यांचे पैसे वेगळे. आजारपणाचा विमा. थोडं मुदत ठेवीत, बाकीचं फंडात, कारण वीस वर्षांनी पिठाचा भाव काय असेल ते तिने कागदावर मांडून पाहिलं आणि तिची झोप उडाली. एकदा शेअर बाजार कोसळला, मालकाने घाबरून होतं नव्हतं ते काढून घेतलं. हिने हात लावला नाही. "म्हातारीला आज भूक नाही," एवढंच म्हणाली. दोन वर्षांत पैसे सावरले. मालक मात्र अजून हळहळतो.

चार वर्षांपूर्वी धाकटा आला होता. त्याचा छोटा छापखाना अडचणीत होता.

"सहा महिने फक्त, ताई. तुझ्याकडे नाही मागायचे तर काय भिंतीकडे मागू?"

तिने म्हातारीच्या पैशांतला तिसरा हिस्सा काढून दिला. सहा महिने गेले, वर्ष गेलं. एका रविवारी पाणी बदलताना तिला दाढांवर चकाकी दिसली. सपाट, गुळगुळीत ठिपके. कॅलिपर लावून उंची मोजली तर कवळी एक मिलिमीटर खाली बसली होती. तिचा हात थांबला. अन्नाने होणारी झीज खडबडीत असते. अशी चकाकी येते ती दात दातांवर घासून, मध्ये घासच नसताना.

पॉलिशची चूक असेल, असं तिने मनाला समजावलं. मन ऐकून घेतं, बोटं ऐकत नाहीत.

आणि आता धाकटा पुन्हा दारात होता. नवीन मशीन आलं नाही तर मोठं गिऱ्हाईक जाईल. ह्या वेळी त्याला सगळंच हवं होतं.

"तुझं म्हातारपण मी बघीन ना! मी काय मेलोय?"

"मेला नाहीस, म्हणून तर काळजी."

तो हसला, पण त्याचे डोळे लाल होते. तिने त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं. तिने पैसे काढण्याच्या अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, लख्ख उन्हात, बँकेत निघण्यापूर्वी तिने सवयीने फडताळ उघडलं. पेला कोरडा होता. पाणी कालच भरलं होतं. तिने कवळी उचलली, आणि ती ओली होती, आणि कोमट. ही ऊब तिला नेमकी माहीत होती. दुरुस्तीला आलेली म्हातारी माणसं तोंडातून काढून तळहातावर ठेवतात, तेव्हाची.

बँकेत धाकटा आधीच येऊन बसला होता. खिडकीतल्या कारकुनाने हात पुढे केला. तिने अर्ज दिला नाही. घडीवर फाडला, पुन्हा फाडला.

"ताई, हे काय?"

"हे पैसे माझे नाहीत रे."

"मग कुणाचे?"

ती कारकुनाकडे वळली. अडीनडीच्या पैशांतला अर्धा भाग त्याच्या नावे करायला सांगितला. "हे माझे. एवढे घे, परत नाही दिलेस तरी चालेल. मशीन जुनं घे." मग कारकुनाला विचारलं, "माझ्या मागे वारस म्हणून कुणाचं नाव आहे?"

"भावाचं."

"ते राहू द्या. मी गेल्यावर सगळं त्याचं. तोवर एक पैसाही नाही."

धाकट्याचा चेहरा पडला. मग त्याने तो जोर करून उचलला, थट्टेच्या सुरात म्हणाला, "बरं बाई. पण अजून किती वर्षं जगायचा विचार आहे तुझ्या म्हातारीचा?"

म्हातारीबद्दल ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. तो कुठून बोलला, त्यालाही कळलं नसावं. तो कारकुनाच्या खिडकीच्या काचेकडे बघत होता, काचेत तिचं प्रतिबिंब होतं, आणि त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण भूक चांगली आहे तिची."