चाकावरचं घर, आवळ्याची कुंडी आणि माझा चहा

नवस बोलायला मला फार मोठं कारण लागत नाही. मुलाची बारावी, यांची बदली, शेजारच्या गाईचं अडलेलं वासरू, प्रत्येकासाठी मी देवघरातल्या अन्नपूर्णेपुढं हात जोडून काही ना काही बोलून बसलेली आहे. आणि नवस म्हटला की तो फेडणं आलं, फेडणं म्हटलं की आमचं रायपूरच्या चौबे कॉलोनीचं भजनी मंडळ आलं, आणि मंडळ आलं की किस्सा झालाच म्हणून समजा! मी काही किस्से जमवत नाही. पापडाच्या डब्यात तळाशी चुरा साचतो ना, तसे ते आपोआप साचतात.

यातला सगळ्यात अवघड नवस मी बोलले तो नलूताईंसाठी.

नलूताई आमच्या समोरच राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी दाखवणारे. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना गार्डसाहेबच म्हणायचा. नलूताईंचं हसू म्हणजे मंडळाची धास्ती. भजनात कोणाचा टाळ चुकला की त्यांना हसू यायचं, त्या हसल्या की पेटी थांबायची, आणि पेटी थांबली की देवसुद्धा जरा टेकून बसत असेल. गार्डसाहेब गेले आणि नलूताईंची रस्त्याकडची खिडकी बंद झाली. दार वाजवलं तर उघडायच्या, विचारलं तर नीट बोलायच्या. पण भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही, आणि हसणं तर नाहीच नाही.

शेवटी एका शुक्रवारी मी अन्नपूर्णेला सांगून टाकलं, "नलूताईंचं हसू कानावर पडेपर्यंत माझा चहा बंद."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलून बसले ते. कारण चहा म्हणजे माझा जीव! चार वाजले की मी खलबत्त्यात आलं कुटायला बसायची, आणि त्या आवाजावर गल्लीतल्या बायका घड्याळ लावायच्या.

*

नवस कोणाला सांगायचा नसतो. त्यामुळं मी चहा का सोडला, याचा शोध दुसऱ्यांनी लावला.

यांना वाटलं शुगर. मला लॅबमध्ये नेऊन रक्त काढवलं. शुगर एकदम चांगली निघाली, तर हे हिरमुसले. मंडळाच्या कमलताईंना वाटलं पित्त. त्या रोज सकाळी ओव्याचं पाणी घेऊन हजर. मी म्हटलं मला काही झालेलं नाही, तर म्हणाल्या, "काही झालं नाही मंग चहा काहून नाही पीत? निरोगी माणूस असा वागते का?"

मी ओव्याचं पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

*

आता कॅम्पची गोष्ट. कार्तिकात आवळी नवमी येते. त्या दिवशी आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडायची, झाडाची पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. आमचं मंडळ दरवर्षी त्याच एका बागेत जायचं. या वर्षी कमलताईंच्या सुनेनं मोबाइलवर एका कॅम्पचा फोटो दाखवला. तलाव, काठावर पांढरे तंबू, आणि तंबूंच्या शेजारी एक इवलंसं घर. खिडकी, पडदा, दार सगळं असलेलं, आणि खाली चाकं! गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायचं. त्याला ट्रेलर म्हणतात, असं सुनेनं सांगितलं.

आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "रायपुरात ट्रेलर म्हणजे बीरगावच्या कारखान्यातून सळ्या घेऊन निघतो तो. त्याच्यात बसून भजन करणार का?"

मी तोच मोबाइल घेऊन नलूताईंकडं गेले. दरवर्षीसारखं बोलावणं करायचं म्हणून. त्यांनी अर्धं दार उघडलं, फोटो पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "हे चाकाचं घर असन तर येईन." आणि दार लावून घेतलं.

मी अनवाणीच कमलताईंकडं पळाले. त्यांना वाटलं, आमच्याकडं सिलिंडरला आग लागली!

*

मग सुरू झाली जागा शोधायची मोहीम. गाडी आमच्या यांची, मागं कमलताई, मी आणि पुष्पा. पुष्पा म्हणजे मंडळातली सगळ्यात उत्साही आणि सगळ्यात उपाशी. तिला वाराचा उपवास नसला तर तिथीचा असतो.

पहिली जागा अभनपूरच्या पुढं. तलाव छान, कमळं फुललेली, काठावर तंबू. तिथला मॅनेजर गळ्यात शिट्टी घालून आला आणि म्हणाला, बोनफायर मिळेल, डीजे मिळेल, डान्स फ्लोअर मिळेल.

कमलताईंनी विचारलं, "आँवला है?"

तो जरा गडबडला. "मँगवा देंगे आंटी. किसमें डलेगा?"

झाड पाहिजे म्हटल्यावर त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. झाड निघालं मात्र, स्वयंपाकघराच्या मागं, चांगलं डेरेदार. कमलताई खूश झाल्या आणि तंबूकडं वळल्या. तंबूचं तोंड दक्षिणेला! कमलताई म्हणाल्या, असं नाही चालत. मॅनेजर म्हणाला, पंखा बघा, गादी बघा, आणि पंखा दाखवायला आत शिरला. तेवढ्यात कमलताईंनी एक कोपरा धरला, पुष्पानं दुसरा, मी तिसरा. खुंट्या पक्क्या ठोकलेल्याच नव्हत्या, निघाल्या पटापट. आम्ही तंबू अलगद फिरवला आणि पूर्वेला तोंड करून ठेवला.

मॅनेजर पडदा बाजूला करून बाहेर आला, तर समोर तलाव नव्हता. डान्स फ्लोअर होता.

"तालाब किधर गया?" तो म्हणाला.

पण चाकाचं घर नव्हतं तिथं. पुढच्या सीझनला येईल म्हणाला. पुढच्या सीझनपर्यंत माझ्या चहाचं काय!

*

दुसऱ्या जागी चाकाचं घर होतं. गुलाबी पडदे, आत छोटं बेसिन, पलंग, आरसा. पुष्पानं आरशात कुंकू नीट केलं. आवळाही दहा पावलांवर. मी मनातल्या मनात गवती चहा निवडायला लागले.

यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हे तर विटांवर उभं आहे."

चाकं काढून ठेवली होती. सेफ्टी म्हणून, असं तिथला माणूस म्हणाला. कमलताईंनी लगेच तोड काढली: खालून साडी बांधून टाकू, झालर दिसेल, नलूताईंना काय कळणार?

मी म्हटलं, "गार्डसाहेबांची बायको आहे. ती आधी चाकंच पाहणार."

परतीच्या वाटेवर यांनी ढाब्यावर गाडी थांबवली. तिघांनी चहा मागवला. पुष्पाचा उपवास होता, पण उपवासाला चहा चालतो म्हणे. मी गाडीतच बसून राहिले आणि काच वर केली. वास तरीही आला. रामा शिवा गोविंदा!

*

तिसरी जागा पाहिली तेव्हा नवमी चार दिवसांवर होती. तलाव एवढा मोठा की पलीकडच्या काठावरच्या म्हशी मुंग्यांसारख्या दिसत होत्या. चाकाचं घर होतं. चाकं होती, चारही, हवा भरलेली! मी स्वतः दाबून पाहिली. मॅनेजर गरीब स्वभावाचा. आम्ही काहीही विचारलं की "हव माताजी" म्हणायचा, हव म्हणजे हो. कांदा-लसूण नको? हव. चूल मांडू? हव. पहाटे तलावात आंघोळ करू? हव, पण जरा काठाकाठानं.

"आँवले का पेड़?"

"नइये माताजी."

आजूबाजूला निलगिरी, गुलमोहर, बाभूळ. आवळा कुठंच नाही. मी त्या गवतावरच बसले. कमलताई म्हणाल्या, चाक पाहिजे तर आवळा सोडा, आवळा पाहिजे तर नलूताई सोडा. आणि नवमीला आवळ्याशिवाय जेवायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. इतक्या वर्षांचं व्रत आहे.

तेव्हा पुष्पा म्हणाली, "आपण घेऊन येऊ ना आवळा. नर्सरीत भेटते."

नर्सरीतला आवळा केवढा, तर माझ्या गुडघ्याएवढा. दुसऱ्या दिवशी कुंडी आमच्या अंगणात ठेवली आणि आम्ही तिघी भोवती उभ्या राहिलो. कमलताई म्हणाल्या, "याच्या खाली जेवाचं? खाली तं मुंगीच बसन."

हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, "ट्रेलरच्या टपावर ठेवा. मग सगळे त्याच्या खालीच येतील."

ते चेष्टा करत होते. पण कमलताईंनी डोळे मिटले, विचार केला आणि मान हलवली. "शास्त्रात झाडाखाली म्हटलं आहे. झाड किती वर, ते नाही म्हटलं!"

जागा ठरली.

*

नवमीला सकाळी नलूताई खरंच बाहेर आल्या. जुनी पण इस्त्रीची साडी, हातात पिशवी. गाडीत सगळ्या चिडीचूप. बोललं तर त्या परत घरात जातील, अशी सगळ्यांना भीती. पुष्पा तर श्वाससुद्धा जपून घेत होती.

तलावावर पोहोचल्यावर नलूताईंनी पाणी पाहिलं नाही, पडदे पाहिले नाहीत. सरळ खाली वाकल्या. मग स्वयंपाकाच्या टोपलीतलं उलथणं घेतलं आणि स्टेशनात डब्यांची चाकं तपासतात तसं एकेका चाकाच्या लोखंडावर टण टण वाजवून कान दिला. चारही चाकं वाजवून झाल्यावर उलथणं परत टोपलीत ठेवलं आणि घरात जाऊन खिडकीपाशी बसल्या. चेहरा जसाच्या तसा.

मॅनेजरनं शिडी लावून कुंडी टपावर चढवली आणि पुष्पाच्या ओढणीनं बांधली. आम्ही खालून हळदकुंकू उडवलं, बरंचसं आमच्याच डोक्यावर पडलं. नलूताईंना ओटीचा हिरवा खण दिला, झाडाला वाहायला. आता चूल मांडायची, तर कमलताईंनी सूर्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दार दक्षिणेला! दाराशी चूल, म्हणजे नैवेद्यही दक्षिणेला.

मॅनेजर म्हणाला, "इसमें क्या है माताजी, पहिये तो हैं. घुमा देते हैं."

त्यानं जीप आणून जोडली. मी नलूताईंना उतरवायला धावले, तर त्या आतून म्हणाल्या, "राहू दे शैला. मी बसते."

जीप सुरू झाली. घर हललं. टपावरचा आवळा आधी मागं झुकला, मग पुढं झुकला. पुष्पानं जे पाहिलं ते तिला सहन झालं नाही. "आवळा पडते, आवळा पडते!" असं ओरडत ती दोन्ही हात वर करून घराच्या बाजूनं धावायला लागली. तिच्या मागं कमलताई, हातात कुंकवाचा करंडा. कमलताईंच्या मागं मी. आमच्या मागं हे, चपला हातात. जीप गोल फिरली तसं घर फिरलं, घर फिरलं तसे आम्ही फिरलो, आणि तलावाकाठची सगळी बदकं आमच्या पुढं!

तेवढ्यात मागची खिडकी उघडली. नलूताई कमरेपर्यंत बाहेर आल्या. हात लांब केला आणि तो हिरवा खण हवेत हलवायला लागल्या. वर, खाली. वर, खाली. अगदी सावकाश, हाताला सवय असावी तसा.

मी धावता धावता थांबले.

आधी नलूताईंच्या नाकातून फुर्र झालं. मग खांदे हलले. आणि मग ते हसू आलं! पाण्यावरून पलीकडं गेलं, म्हशींनी माना वर केल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, खणालाच पुसले, आणि पुन्हा तो हलवला.

मी गवतावर बसले आणि म्हटलं, "कोणी चहा द्या हो मला."

मॅनेजरनं जीप थांबवली. नलूताई खिडकीतूनच त्याला म्हणाल्या, "भैया, पहला कप उसको. अदरक कूट के." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चार वाजताचा खलबत्ता बंद करून ठेवला होता तू. मले का समजत नाही?"

मी कान पकडले, तर त्या पुढं म्हणाल्या,

"आणि चाकाचं घर मी काहून म्हटलं, माहीत आहे का? रायपुरात भेटनार नाही आन तुम्ही पोट्ट्या माझा नाद सोडान, म्हणून म्हटलं."

पुष्पानं अजून हात वरच धरले होते.

तर माझं एवढं ऐका. तुमच्याही समोर एखादी खिडकी बंद असेल, तर तिच्यासाठी आपल्या जिवाचं काही सोडून बघा. सांगू नका कोणाला, नवस सांगायचा नसतो. फक्त सोडायची वस्तू अशी निवडा, की तिचा आवाज त्या खिडकीपर्यंत जात असेल.