पायपुसण्यावरचे पिंपळपान

ते पान मी काढले नव्हते, पण पायपुसण्यावर ते मीच ठेवले होते. ही गोष्ट मी अनेक वर्षे कोणालाही सांगितली नाही. ज्यांना ती सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्या रोज माझ्या समोरच्या टेबलावर काम करीत होत्या.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात मी नक्षी विभाग सांभाळतो. आरंभी विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि भिंतीवर चिकटवलेले जुने नमुने. मालकांनी माणसे घ्यायला सांगितली, तेव्हा नुसता हात चांगला असलेली माणसे जमवायची नाहीत, असे मी मनाशी ठरवले. मी जिथे काम शिकलो, तिथे चूक झाली की मुकादम कापडाचा तुकडा सर्वांसमोर अंगावर फेकत असे. ती दहशत माझ्या खोलीत मला नको होती. म्हणून नवी माणसे आल्यावर आम्ही एकत्र बसलो आणि काही गोष्टी एकमेकांना कबूल केल्या. वयाने लहान असले तरी अहो-जाहो करायचे. दुसऱ्याची नक्षी त्याला विचारल्याशिवाय उचलायची नाही. काढण्याआधी ती कोणाच्या घरात, कोणत्या जागी जाणार, हे मनात आणायचे. आणि शनिवारी चहाच्या आधी ज्याने त्याने आपली चूक सांगायची. ऐकणाऱ्याने आवाज चढवायचा नाही.

मागांवर नक्षी चढवणारे मास्तरही त्या बैठकीला येत. ते तेलुगू घरातले, माझ्याहून वयाने मोठे. "सर, या आठवड्याला माझ्याकडं दोन हायत. कुणाला कमी पडत असली तर एक घेऊन जावा की," असे म्हणून ते आधी सर्वांना हसवत आणि मग खरोखरच चूक सांगत. या बैठकीचा मला अभिमान होता. आज तो शब्द लिहिताना संकोच वाटतो.

विभागात सर्वांत कसदार काम माझ्या समोरच्या टेबलावरच्या बाईंचे होते. घर बौद्ध, वडील निवृत्त शिक्षक. भिंतीवर टांगायच्या एका कापडासाठी त्यांनी पिंपळाचे पान काढले होते. शिरा इतक्या नाजूक की मास्तर म्हणाले, "ह्ये विणायला मागाला पण दम धरावा लागंल." घरी बुद्धमूर्तीच्या मागे आईने लावलेले पान पाहून आपण ते काढले, असे त्यांनी आम्हांला सांगितले होते.

पुढे बाई एका लग्नासाठी वैरागला गेल्या असताना परदेशी मालाची घाई आली. पायपुसणी हवी होती आणि मधोमध एखादे पान. मी त्यांचे पान उचलले. फोन करता आला असता. लग्नाच्या गडबडीत कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे तर त्या नाही म्हणतील, हे मला ठाऊक होते. पान चौकटीत बसवून पेनड्राइव्ह मी स्वतः मास्तरांच्या हातात दिला. बाईंनीच तयार करून ठेवले असेल, असे ते समजून चालले.

माल गेला. त्यातली डागाळलेली पायपुसणी नेहमीप्रमाणे शहरातल्या बाजारात उतरली आणि त्यांच्याच गल्लीत पोहोचली. एका सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"सर, आईनं शेजारच्या दारात ते पान बघितलं. ओल्या पायाखाली. ती त्यांना काढा म्हणाली, तर त्या म्हणतात, तुमच्याच लेकीनं काढलंय की, आम्हाला काय सांगता."

मी संगणकाकडे तोंड फिरवले. वडिलांनी घरोघर जाऊन साधी पायपुसणी दिली आणि पानाची मागून आणली, हे मला नंतर कळले.

शनिवारी त्या उभ्या राहिल्या. लग्नाला निघण्याच्या घाईत आपण पानाची फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये टाकली असणार, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. "माझ्या हातून झालं. सगळ्यांनी माफ करा," म्हणाल्या. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तुम्ही सांगितलंत, हे मोठं आहे." आणि त्यांना चहा दिला.

त्या चहापासून मी भीत आलो. कोणाच्याही घरी गेलो की नजर आधी उंबऱ्याकडे जाई. मास्तरांनी बोलायला तोंड उघडले की मी दुसराच विषय काढी. एकदा ते म्हणाले, "सर, त्या पायपुसण्याच्या वेळचं आठवतंय का?" मी कप खाली ठेवला. ते मात्र त्या उन्हाळ्याविषयी बोलत होते, छपराचे पत्रे कसे तापले होते त्याविषयी. दर शनिवारी मी किरकोळ चुका शोधून आणी आणि सांगे. माझ्या प्रांजळपणाचे कौतुक होई, तेव्हा ओरडावेसे वाटे.

याहून वाईट एक गोष्ट मला एकट्याला दिसत होती. बाईंनी पुन्हा पान काढले नाही, फूल नाही, पक्षी नाही. चौकटी आणि पट्टे, एवढेच. गिऱ्हाइके त्यांच्या साधेपणाची वाहवा करीत. तो साधेपणा नव्हता. ती माझीच भीती होती, त्यांच्या हातात जाऊन बसलेली. मुकादमाने कापड फेकून जे केले नसते, ते मी चहा देऊन केले होते.

अलीकडे माझी नजर अधू होत चालली. विभाग आता बाईंकडे द्यावा, असे मी मालकांना सुचवले आणि त्यांनी मान्य केले. मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"नको सर. मी दुसऱ्यांच्या कामावर सही नाही करू शकत. माझ्या हातून एकदा ते पायपुसणं झालंय."

त्या आठवड्यात मला जेवण गेले नाही. सांगितले तर विभाग मोडेल. ज्या विश्वासावर ही माणसे जमली तो खोटा ठरेल, असे वाटे. मग कळले की मी विभागाला नव्हे, स्वतःला जपत होतो. न सांगता निघून गेलो असतो तर त्या जन्मभर पट्टेच काढत राहिल्या असत्या.

शनिवारी मी सर्वांच्या आधी बोललो. पान मी उचलले, फोन केला नाही, पेनड्राइव्ह मी दिला, आणि बाईंनी माफी मागितली तेव्हा मी गप्प बसलो. किटलीतला चहा कोणी ओतला नाही. मास्तर जमिनीकडे पाहत होते. आज त्यांनी कोणाला हसवले नाही.

बाईंनी समोरचा रिकामा कप बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाल्या, "मला सांगितलंत, ठीक. पण आई अजून शेजारणीसमोर मान वर करून बोलत नाही, सर. तिला कोण सांगणार?"

मी त्यांच्यासोबत निघालो. गल्ली अरुंद होती. दारादारांतून माणसे पाहत होती. त्यांच्या उंबऱ्यापाशी पायपुसणे नव्हते, स्वच्छ धुतलेली फरशी होती. मी चपला काढल्या, पण आत पाऊल टाकायचा धीर होईना. आतून त्यांच्या आई पदर सावरत आल्या. "या की आत, बाहेर का उभे?" त्या म्हणाल्या. शेजारच्या दारातही कोणीतरी येऊन थांबले होते. त्यांनाही ऐकू जावे एवढ्या आवाजात, हात जोडून मी म्हणालो, "ते पान तुमच्या मुलीनं पायाखाली घातलं नाही, आई. मी घातलं, आणि दोष त्यांच्यावर राहू दिला. मला माफ करा."