मले म्हणणारा राजा

समस्त वऱ्हाड प्रांतातील राजे, प्रधान, राक्षस आणि उसन्या मिश्या यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, भातकुलीचा सखाराम गेला. महिना झाला. बातमी आली तेव्हा मी अकोल्यात न्हाव्यापुढे बसलो होतो; अर्धी दाढी तशीच घेऊन उठलो...

सखाराम दिवसा शेतकरी आणि सुगीनंतर आमच्या दंडारीचा, म्हणजे गावच्या नाटकमंडळीचा, राजा. मी त्याचा प्रधान. कपाशीचं बियाणं तो स्वतः निवडी. "सारे झाडं एकाच बीचे, तरी एखादं येगळं निंगतेच," तो म्हणे. "मी त्याले उपटत नाई. तग धरला त त्याचंच बी ठेवतो, बाकीची सरकी बैलाले." मग डोळा मिचकावून, "गान्याले बी बी असते, प्रधानजी!" खरंच, खेळात कुणाची ओळ चुकली आणि लोक हसले, की ती चूक पुढच्या खेळात पेरलेली असे. लोक गप्प बसले, की खुद्द त्याची लाडकी ओळही बैलापुढे जाई. गाणी अशी बदलत, वाढत गेली की ती रचली कुणी, हे कुणालाच सांगता येत नसे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले. कापसाच्या गाड्या हाकायला आमची निम्मी मंडळी निघायच्या बेतात होती. अंजनगावचा खेळ पडला तर दंडार मोडायची, असं ठरलंच. खेळ ठेवला होता नव्याने गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांनी, आणि त्यांना राजा पुणेरी बोलणारा हवा होता! सखारामाने वखरामागे चालताना आपलं "मले, तुले" सोडून "मला, तुला, त्याला" घोकलं. खेळाला उभा राहिला, मिशी सावरली आणि गरजला, "प्रधानजी, मले शत्रूची वार्ता सांगा!"

मले! व्यापाऱ्यांचे चेहरे सुपारी लागल्यासारखे. माझी पाठ केलेली ओळ उडाली आणि तोंडातून निघालं, "काहून बा, तुले कोनी सांगतलं नाई?" हशा फुटला. सखारामाने माझ्याकडे पाहिलं... वावरात वेगळं झाड दिसलं की पाहायचा, तसं. आणि पुणेरी सोडूनच दिली. "शत्रू येऊन राहिला अन् प्रधान झोपून राहिला!" शेवटी व्यापारीही मांड्या बडवत होते. एकही गडी गाड्यांवर गेला नाही. आज अमरावती ते अकोला कुठलीही दंडार पाहा, राजा "मले"च म्हणतो, आणि दरेक प्रधान माझ्याहून उद्धट निघाला आहे!

राजाने आपल्यासारखंच बोलावं, हे सगळ्यांच्या आधी कळलं ते अंजनगावच्या त्या खेळात पुढे बसलेल्या एका म्हातारीला. पहिला हशा ओसरतो न ओसरतो तोच ती उठून ओरडली, "अवं माय, हा राजा त आपल्याच गावचा निंगाला!"